अन्योन्यनिवास : एका ग्रीक शब्दाचा इतिहास

धर्मशास्त्राच्या इतिहासांत कित्येक शब्द असे आढळतात कीं, ते पंडितांच्या निवांत कोठडींत जन्मास न येतां वादाच्या धुमश्चक्रींत जन्मास येतात. आजच्या भाषणाचा विषय असाच एक शब्द आहे. ग्रीक भाषेंत त्याचा उच्चार 'पेरिखोरेसिस' असा होतो. मराठींत त्याला रूढ प्रतिशब्द नाहीं. 'अन्योन्यनिवास' किंवा 'परस्परवास' असें म्हटल्यास त्याच्या अर्थाच्या बरेंच जवळ जातां येतें. एक दुसऱ्यांत पूर्णपणें राहतो, दुसरा पहिल्यांत पूर्णपणें राहतो, आणि तरीहि दोघांपैकीं कोणी नाहींसा होत नाहीं, एवढा त्या शब्दाचा आशय. तो सांगण्यास एक वाक्य पुरतें. परंतु निर्दोष भाषेंत बसविण्यास ख्रिस्ती पंडितांना सहाशें वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या अवधींत कोणाला हद्दपार व्हावें लागलें, तर एका वृद्ध संन्याशाला आपली जीभ व उजवा हात द्यावा लागला.

मूळ प्रसंग योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांतील आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्रीं फिलिप्प नांवाचा शिष्य येशूला विनवितो कीं, पित्याचें दर्शन एकदां घडवावें म्हणजे दुसरें कांहीं नको. इतके दिवस सहवास घडूनहि शिष्याला गुरूची ओळख पटूं नये, याचा खेद येशूच्या उत्तरांत उमटला आहे. आणि त्याच उत्तरांत पुत्र पित्यांत आहे व पिता पुत्रांत आहे हें विधान आलेलें आहे. पुढें सतराव्या अध्यायांतील प्रार्थनेंत तीच भाषा शिष्यांपर्यंत पसरते. शुभवर्तमान या विधानाची उपपत्ति मुळींच देत नाहीं. जिव्हाळ्याचीं माणसें निरोपाच्या वेळीं बोलतात तशा भाषेंत तें बोलून जातें.

उपपत्तीची गरज बाहेरच्यांशीं बोलतांना भासूं लागली. इ. स. १७७ च्या सुमारास अथेनागोरस या ग्रीक पंडितानें सम्राट मार्कस ऑरेलियस आणि त्याचा पुत्र कॉमोडस यांना उद्देशून ख्रिस्ती लोकांची कैफियत लिहिली. ख्रिस्ती लोक देवच मानीत नाहींत असा त्या वेळीं आरोप होता. त्याचें निरसन करतांना, पिता व पुत्र हे आत्म्याच्या ऐक्यानें व सामर्थ्यानें एकमेकांत आहेत, असें त्यानें सांगून टाकलें. सम्राटांस त्यांतलें कितपत उमगलें असेल, कोण जाणे! तथापि पंडिती भाषेंत ही कल्पना मांडण्याच्या अगदीं पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना करावी लागते.

खरी परीक्षा चौथ्या शतकांत झाली. ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरींत आरियस नांवाचा एक धर्मोपदेशक होता. पुत्र कितीहि थोर असला तरी तो निर्माण केलेला आहे, आणि अनादि असा पिता तेवढाच, हें त्याचें मत. इ. स. ३२५ मध्यें निकाईया येथील परिषदेनें तें निषिद्ध ठरविलें. परंतु परिषदेनें निकाल दिला म्हणून वाद मिटतो असें नाहीं. पुढें अर्धशतकभर तो राजदरबारांत आणि बाजारांत चालूच राहिला. आरियसच्या पक्षानें जीं शस्त्रें वापरलीं, त्यांत थट्टा हें एक धारदार शस्त्र होतें. थोरला पिता धाकट्या पुत्रांत मावणार कसा, असें ते विचारीत. आपल्याकडील स्वयंपाकघरांतील भाषेंत सांगावयाचें तर, तांब्या हंड्यांत बुडेल हें खरें. पण तोच हंडा त्याच वेळीं तांब्यांत कसा शिरणार?

या थट्टेला हंसून चालण्यासारखें नाहीं. तिच्यामागें एक खरा तार्किक पेंच आहे. न्यायशास्त्राशीं परिचय असलेल्या मराठी वाचकाला 'अन्योन्याश्रय' हा शब्द ठाऊक असतो, आणि तो दोषाचें नांव म्हणूनच ठाऊक असतो. क्ष हा य वर टेकलेला, आणि य हा क्ष वर. मग दोघांनाहि आधार कोणाचा? जें तर्कशास्त्रांत दूषण, तेंच देवाच्या ठिकाणीं भूषण कसें होऊं शकेल, हा प्रश्न विचारणारा मनुष्य पाखंडी असेलच असें नाहीं. तो केवळ सावधहि असूं शकेल.

अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस यानें या प्रश्नाला उत्तर दिलें. इ. स. ३२८ पासून ३७३ पर्यंत पंचेचाळीस वर्षें तो त्या पदावर होता, आणि त्यांपैकीं सुमारें सतरा वर्षें हद्दपारींत वा अज्ञातवासांत गेलीं. एकंदर पांच वेळां त्याला नगर सोडावें लागलें. आरियसच्या अनुयायांविरुद्ध लिहिलेल्या त्याच्या तिसऱ्या प्रबंधाचा आरंभच भांड्यांच्या या आक्षेपापासून होतो. त्याच्या उत्तराचें मर्म असें कीं, चूक विधानांत नसून ऐकणाऱ्याच्या कल्पनेंत आहे. दोन रिकामीं पात्रें आलटून पालटून एकमेकांना भरतात, पुत्र पित्यांतील रिकामी जागा भरतो आणि पिता पुत्रांतील, असें चित्र ज्यानें मनाशीं रेखाटलें त्यानें देवाला शरीर कल्पिलें. पुत्राचें जें कांहीं आहे तें सर्व पित्याचेंच आहे. तेज जसें ज्योतीचें असतें, प्रवाह जसा झऱ्याचा असतो, तसें. राजाच्या प्रतिमेचा दृष्टांतहि तो देतो. प्रतिमेंत राजाचें रूप असतें, आणि प्रतिमेंत जें दिसतें तेंच राजाच्या ठायीं असतें. म्हणून प्रतिमा पाहणाऱ्याला राजा दिसतो, आणि राजाला पाहणाऱ्याला प्रतिमा कोणाची तें कळतें. प्रश्न 'किती जागा' हा नसून 'कोणतें स्वरूप' हा आहे, इकडे त्यानें वादाचें तोंड वळविलें. ही चतुराई नव्हे. स्थळाची भाषा काढून टाकल्याबरोबर हंडा आणि तांब्या हे दोन्ही गळून पडतात.

त्याच सुमारास पश्चिमेकडे गॉलमधील प्वातिए नगराचा बिशप हिलरी हाहि याच प्रश्नाशीं झुंजत होता. इ. स. ३५६ मध्यें त्याला आशिया मायनरमधील फ्रिजिया प्रांतांत धाडण्यांत आलें, आणि त्रैक्यावरील त्याचा मोठा लॅटिन ग्रंथ बव्हंशीं याच हद्दपारीचें फळ होय. हिलरी कांहींसा अधिक मोकळ्या मनाचा दिसतो. जें दुसऱ्याला आपल्यांत सामावतें तेंच त्या दुसऱ्यांत सामावलेलें असावें, ही गोष्ट सृष्टींतील कोणत्याहि वस्तूच्या बाबतींत संभवत नाहीं, हें तो प्रथमच कबूल करतो, आणि मग म्हणतो कीं, जें वस्तूंना अशक्य तें देवाला अशक्य असेंच कां मानावें? अथनेशियस प्रतिपक्षाला निरुत्तर करतो. हिलरी त्याची अडचण आपलीहि आहे असें मानून चालतो.

हा पेंच महाराष्ट्राला अगदींच परका राहिलेला नाहीं. पंडिता रमाबाईंनीं इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतरच्या वर्षांत तेथील अँग्लिकन भगिनींशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यांत त्रैक्याच्या मतावरून खटके उडालेले दिसतात. गुरुजनांनीं सांगितलें म्हणून तें मत जसेंच्या तसें गिळण्यास त्या तयार नव्हत्या. ही पत्रें इ. स. १९७७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. अथनेशियसच्या काळांतील आक्षेप पंधराशें वर्षांनंतर एका मराठी विदुषीच्या लेखणींतून पुनः उमटावेत, यावरून ते केवळ हेकटपणाचे नव्हते हें उघड होतें.

तथापि चौथ्या शतकापर्यंत कल्पना होती, शब्द नव्हता. तो कसा आला हें पाहण्यासारखें आहे. 'पेरि' म्हणजे भोंवतीं. 'खोरेओ' या धातूचे अर्थ दोन : पुढें सरकणें आणि जागा देणें. म्हणजे एकाच शब्दांत चालणेंहि आहे आणि सामावून घेणेंहि आहे. फार पूर्वी, ख्रिस्तापूर्वीं पांचव्या शतकांत, अनाक्सागोरस या तत्त्वज्ञानें विश्वाच्या आरंभींच्या चक्राकार गतीला हाच शब्द लावला होता. त्यांत देवाधर्माचा कांहीं संबंध नव्हता. अलीकडे पुष्कळ लोकप्रिय पुस्तकांत असें लिहिलेलें आढळतें कीं, या शब्दाचा मूळ अर्थ 'फेर धरून नाचणें' असा आहे, आणि त्यावरून त्रैक्य म्हणजे एक दिव्य रासक्रीडाच होय. कल्पना मोठी गोड, परंतु व्याकरण तिच्या बाजूचें नाहीं. नाचण्याचा ग्रीक धातु निराळा. त्यांतला ओकार ऱ्हस्व, तर यांतला दीर्घ. कानाला सारखे लागणारे दोन शब्द एका कुळांतले ठरविण्याचा मोह आपल्याकडीलहि कित्येक व्युत्पत्तिकारांना आवरत नाहीं.

ख्रिस्ती लेखनांत या क्रियापदाचा पहिला महत्त्वाचा उपयोग नाझियान्झसच्या ग्रेगरीनें इ. स. ३८२ च्या सुमारास क्लेडोनियस नांवाच्या धर्मोपदेशकास लिहिलेल्या पत्रांत केला. परंतु तेथें विषय पिता-पुत्रांचा नाहीं. ख्रिस्ताच्या ठिकाणीं असलेल्या देवत्व आणि मनुष्यत्व या दोन प्रकृतींचा आहे. त्या एकमेकींत मिसळतात, आणि त्यांचीं नांवेंहि एकमेकींत संचार करतात, असें तो लिहितो. यांतला 'मिसळणें' हा शब्द पुढें जड जाणार होता. ग्रीक तत्त्वज्ञानांत मिश्रणाचा वाद जुनाच होता. द्राक्षारसाचा एक थेंब समुद्रांत टाकला तर तो समुद्रभर पसरतो कीं नाहींसा होतो? स्टोइक पंथाचा क्रिसिप्पस म्हणे, पसरतो; ॲरिस्टॉटलच्या मतें अफाट पाण्यांत पडलेला थेंब पाणीच होऊन जातो. आणि नीसाच्या ग्रेगरीसारख्या थोर आचार्यानेंहि ख्रिस्ताचें मनुष्यत्व देवत्वांत कसें सामावलें हें सांगतांना अफाट समुद्रांत पडलेल्या शिरक्याच्या थेंबाची उपमा वापरली. उपमा भक्तीची, पण परिणाम भयंकर. थेंब जर समुद्रच झाला, तर मनुष्याच्या वांट्यास काय उरलें? मीठ पाण्यांत विरघळावें तशी माणुसकी देवांत विरघळली, तर देवानें मनुष्याला जवळ घेतलें असें न म्हणतां गिळलें असेंच म्हणावें लागेल.

इ. स. ४५१ मध्यें खाल्किदोन येथील परिषदेनें म्हणूनच चार नकार एका ओळींत बसविले : दोन प्रकृतींचा गोंधळ नाहीं, पालट नाहीं, विभागणी नाहीं, वियोग नाहीं. काय नाहीं तें ठरलें. काय आहे तें सांगणारा शब्द मात्र अजून हवाच होता. तो रूढ करण्याचा मान मॅक्सिमस या संन्याशाकडे जातो.

मॅक्सिमसचा जन्म इ. स. ५८० च्या सुमाराचा. त्याचा दृष्टांत तापलेल्या तरवारीचा आहे. तरवार भट्टींत घालून लाल केली कीं, ती कापतांना भाजते आणि भाजतांना कापते. घाव एकच; त्यांत धार लोखंडाची आणि दाह अग्नीचा. लोखंडानें धार सोडलेली नाहीं, अग्नीनें उष्णता सोडलेली नाहीं, आणि तरीहि कापणें कोठें संपलें व भाजणें कोठें सुरू झालें हें कोणालाहि बोटानें दाखवितां येणार नाहीं. वेदान्ताच्या वाचकाला येथें तापलेल्या लोहगोलाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. 'लोखंड भाजतें' हा आपल्या शास्त्रकारांचा आवडता दाखला. पण त्यांनीं तो अध्यासासाठीं वापरला आहे : भाजण्याचा धर्म अग्नीचा, तो लोखंडावर लादणें ही भ्रांति, आणि आत्मा व देह यांचीहि अशीच गल्लत होते, ज्ञान्यानें दोहोंचा विवेक करावा. दोन्हीं ठिकाणीं लोखंड तेंच आणि विस्तवहि तोच. एका ठिकाणीं तो भ्रमाचा दाखला, दुसऱ्या ठिकाणीं खऱ्या ऐक्याचा. मॅक्सिमसच्या मतें लोखंडाला मिळालेला दाह ही लोखंडाविषयींची चूक नव्हे. ती त्याला लाभलेली देणगी होय, आणि ती परत करून मोकळें होण्याची त्याला गरज नाहीं.

या दृष्टांतांत एक उणीव आहे. अग्नि लोखंडांत शिरतो हें दिसतें. लोखंड अग्नींत शिरतें असें म्हणणें ओढूनताणून होतें. पुढें दमास्कसच्या योहानानें हें प्रांजळपणें मान्य केलें. दोन प्रकृति परस्परांत संचार करतात असें बोललें जात असलें तरी त्या संचाराचा आरंभ देवत्वाकडूनच आहे, असें त्यानें लिहून ठेविलें.

मॅक्सिमसला ज्या प्रश्नापायीं प्राणांतिक यातना भोगाव्या लागल्या तो याच दृष्टांताच्या पोटांत आहे. सातव्या शतकांत पूर्व रोमन साम्राज्य प्रथम इराणी व मग अरब सैन्यांपुढें खचत होतें. खाल्किदोनचा निर्णय न मानणाऱ्या ईजिप्त व सिरिया येथील प्रजेला जवळ आणावें म्हणून सम्राट हेराक्लियसनें इ. स. ६३८ मध्यें एक तडजोड पुढें केली : प्रकृति दोन असोत, परंतु ख्रिस्ताची इच्छा मात्र एकच मानावी. राजकारणाच्या दृष्टीनें यांत वावगें काय होतें? मॅक्सिमसला तें वावगें दिसलें. गेथशेमाने बागेंतील रात्रीं मरणाच्या भयानें व्याकूळ झालेला ख्रिस्त प्रार्थना करतो आणि अखेरीस पित्याच्या इच्छेला मान तुकवितो. त्या रात्रीं मान तुकविणारी मानवी इच्छा जर नव्हतीच, तर ती प्रार्थना म्हणजे नाटक ठरतें. तापलेल्या तरवारीला धारच उरली नाहीं असें तें झालें. देवाशीं एकरूप होण्याची किंमत म्हणून मनुष्याला आपली इच्छा गमवावी लागत असेल, तर तें ऐक्य मॅक्सिमसला नको होतें. खऱ्या ऐक्यांत ती अधिक निर्मळ आणि अधिक स्वतःची होते, असें त्याचें म्हणणें.

इ. स. ६४८ मध्यें पुढचा सम्राट दुसरा कॉन्स्टान्स यानें या विषयावर एक किंवा दोन, कोणतीच इच्छा उच्चारूं नये असा हुकूम काढला. इ. स. ६४९ मध्यें रोम येथें पोप मार्टिन यानें भरविलेल्या परिषदेनें तो हुकूम धुडकावला, आणि त्या निर्णयामागें मॅक्सिमसचा हात होता. मार्टिनला पकडून क्रिमियांतील खेर्सोन येथें धाडण्यांत आलें, इ. स. ६५५ मध्यें तो तेथेंच वारला. मॅक्सिमसवर राजधानींत खटला झाला, त्याला थ्रेसमध्यें ठेवण्यांत आलें, मन वळविण्याचे प्रयत्न झाले. तो वळला नाहीं. इ. स. ६६२ मध्यें, ऐंशीच्या घरांत असलेल्या या मनुष्याची जीभ कापण्यांत आली, आणि लिहितांहि येऊं नये म्हणून उजवा हात तोडण्यांत आला. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील लाझिका प्रांतांत त्याच वर्षीं १३ ऑगस्ट रोजीं त्याचा अंत झाला. इ. स. ६८०-६८१ च्या परिषदेनें दोन इच्छांचें त्याचें मत संपूर्ण मान्य केलें. तिच्या निर्णयपत्रांत त्याचें नांव मात्र नाहीं.

ख्रिस्ताच्या दोन प्रकृतींसाठीं घडविलेला शब्द पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्यासाठीं ठामपणें वापरला तो दमास्कसच्या योहानानें. हा गृहस्थ खलिफांच्या राज्यांत जन्मला. त्याच्या घराण्याकडे दमास्कसच्या वसुलाचें काम होतें. तो मार्ग सोडून तो जेरुसलेमच्या परिसरांत मठवासी झाला. त्या जेरुसलेमांत इ. स. ६९१-६९२ च्या सुमारास बांधलेल्या घुमटाच्या भव्य वास्तूवर, देवाच्या बाबतींत 'तीन' हा शब्द उच्चारूं नका असें ग्रंथधारी लोकांना बजावणारा अरबी लेख अजूनहि वाचतां येतो. अशा शेजारांत राहून योहानाला त्रैक्याचें समर्थन करावयाचें होतें. त्याची मांडणी विलक्षण स्वच्छ आहे. पेत्र आणि पौल हे दोघे मनुष्य खरे. पण ते दोन जागीं उभे असतात, दोन मतांचे असूं शकतात, आणि त्यांतलें समान मनुष्यत्व केवळ बुद्धीला दिसतें. देवाच्या ठिकाणीं याच्या उलट : ऐक्य हेंच प्रत्यक्ष, आणि भेद तेवढा विचारानें ओळखावयाचा. कारण तिघे एकमेकांत असे राहतात कीं त्यांत मिसळण नाहीं आणि अंतरहि नाहीं. तीन सूर्य एकमेकांस लागून असावेत आणि प्रकाश एकच पडावा, ही उपमा त्यानें नाझियान्झसच्या ग्रेगरीकडून घेतली. त्याहूनहि घरगुती दाखला सहाव्या शतकाच्या तोंडावरचा, डायोनिशियस या टोपणनांवानें लिहिणाऱ्या लेखकाचा आहे. एका घरांत अनेक दिवे लावले कीं उजेड एकच होतो, कोणत्या दिव्याचा कोणता तें निवडतां येत नाहीं. पण एक दिवा उचलून बाहेर नेला तर तो आपला सगळा उजेड घेऊन जातो, आणि दुसऱ्याचा उजेड त्याच्यामागें लागून येत नाहीं. सणाच्या दिवशीं ओसरीवर समया लावणाऱ्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

विसाव्या शतकांत या शब्दाला नवी भरती आली. यूर्गेन मोल्टमान या जर्मन पंडितानें इ. स. १९८० च्या आपल्या ग्रंथांत त्यावरून मानवी समाजाचा नमुना काढला : देवांत कोणी राजा व कोणी प्रजा नाहीं, तर समाजांतहि तसें नसावें. हेतु उदात्त आहे. परंतु माणसें स्थळानें वेगळीं आहेत हें योहानाचें म्हणणें त्यांत मागें पडतें, आणि जो फरक दाखविण्यासाठीं त्यानें हा शब्द योजला तोच पुसट होतो, असें म्हणणें भाग पडतें.

बाराव्या शतकाच्या मध्यास पिसाच्या बुर्गुंडियोनें योहानाचा ग्रंथ लॅटिनमध्यें आणला, तेव्हां शब्दाची एक गंमत झाली. त्यानें 'सिर्कुमिन्सेसियो' असें भाषांतर केलें. पुढें त्यांतील एक अक्षर बदलून दुसरें रूप निघालें. पहिल्याचा अर्थ एकमेकांत संचार करणें, दुसऱ्याचा अर्थ एकमेकांत बसून असणें. ग्रीक धातूंत चालणें आणि जागा देणें हीं दोन्ही एकत्र नांदत होतीं. लॅटिनमध्यें त्यांच्या वांटण्या झाल्या, आणि कोणतें रूप खरें यावर विद्वानांनीं शाई खर्चिली.

शब्द टाळून कल्पना तेवढी अधिकृत लेखांत आली ती इ. स. १४४२ च्या ४ फेब्रुवारीस, फ्लॉरेन्सच्या परिषदेंत. पिता सर्वस्वीं पुत्रांत व आत्म्यांत आहे, पुत्र सर्वस्वीं पित्यांत व आत्म्यांत आहे, आणि आत्माहि तसाच, हा आशय त्या लेखांत स्पष्ट नोंदलेला आहे. लेख होता ईजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती मंडळीशीं समेट करण्याचा, म्हणजे खाल्किदोनच्या वेळीं दुरावलेल्यांच्याच वंशजांशीं, आणि अथनेशियसच्याच देशवासीयांशीं. त्यांच्या वतीनें सेंट अँथनीच्या मठाचे महंत अँड्र्यू आले होते. लेख वाचला गेला, मान्य झाला. ईजिप्तांत मात्र तो समेट टिकला नाहीं.